वायू प्यालेला चुंबक

"माल बदललास तू, विजयसिंह! माझे खरे चुंबक दाबलेस आणि मला ही माती दिलीस!"

दत्तप्रसाद शेटनी पुडी आपटली तशी हुपरीच्या त्या मुलाम्याच्या कारखान्यातली कामं थांबली. नाक न टोचता घालायच्या नथींचे ते चुंबक, चांदी चढवायला दिलेले. आता त्यांची काळी भुकटी झाली होती, साधी टाचणी धरेना. चाळीस वर्षं लोकांची चांदी हाताळलेल्या माणसाला शेट चोर म्हणत होते, आणि तेही कोल्हापूरच्या सराफबाजारात, गुजरीभर सांगून आल्यावर! चांदीकामाच्या हुपरीत असं नाव गेलं की माणूस संपलाच म्हणायचा.

पुढं आली ती विजयसिंहाची लेक तेजस्वी, रसायनशास्त्र शिकणारी. "काका, एखादा चांगला चुंबक हाय का जवळ? द्या की. आन् हितंच बसा."

शेटनी खिशातून एक काढला. आधी त्याला किल्ली चिकटवून सगळ्यांना दाखवली.

मुलाम्याआधी विजयसिंह प्रत्येक दागिना जसा साफ करायचा, तसाच तिनं तो तारेला बांधून सोड्याच्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि करंट चालू केला. चुंबकाभोवती बारीक बुडबुडे उठले. शेट हलले नाहीत. दोनदा चहा झाला. दुपार कलता कलता चुंबकाची कड पापुद्र्यासारखी सुटली. मग भेग गेली. ना आग, ना हातोडी, आणि पोलादासारखी ती वस्तू आपोआप तळाशी ढासळली!

शेटनी स्वतः चुरा काढून किल्ली लावली. किल्ली खाली पडली.

"आयला!"

"ह्यो बुडबुड्यातला हायड्रोजन," तेजस्वी म्हणाली. "चुंबकात निओडिमियम नावाचा धातू असतोय, त्यो हा वायू पितो. पिऊन फुगतो, आतनं फुटतो, आन् त्याचं चुंबकत्वबी जातं. चांदी घट्ट बसावी म्हणून आबांनी दुप्पट वेळ साफ केलं, एवढंच चुकलं."

शेटनी चुरा रुमालात बांधला. मान खाली घालूनच म्हणाले, "गुजरीत ज्यांच्यापुढं तुला चोर म्हटलं, त्यांच्यापुढंच हा रुमाल सोडून खरं काय ते सांगतो."

विजयसिंहानं ते ऐकलंच नाही. चाळीस वर्षं ज्या बुडबुड्यांकडं त्यानं धड बघितलंही नव्हतं, त्यांच्याकडं तो टक लावून बघत होता.

देवळात शिरताना काढाव्यात तशा त्यानं हळूच पायातल्या चपला काढल्या आणि टाकीजवळ गेला.