लाल खुर्ची

प्रानोमने लाल प्लास्टिकची खुर्ची सगळ्यांदेखत उचलून आणली आणि भावजयीच्या मागे आदळली.

"बस हिच्यावर. खाली बसणं आता तुझं काम नाही."

लमदुआनचे कान तापले. नणंद साठीची, तरी चटईवर पोरीसारखी पाय दुमडून बसणार, आणि बावन्न वर्षांच्या आपण खुर्चीवर! विहारातल्या खुर्च्या मागच्या भिंतीशी असतात, काठी टेकत येणाऱ्यांसाठी. त्यात आज तिचा मुलगा तोन भिक्खू झाला होता. चीवर अंगावर चढून तासही झाला नव्हता.

"नको वन्सं. भिक्खूपेक्षा आईचं डोकं उंच? लोक काय म्हणतील?"

"बघ बाई. मग नंतर मला बोलू नकोस."

लमदुआन पहिल्या रांगेत चटईवरच बसली. दोन्ही पाय डावीकडे दुमडून, तळवे मागे, जसं बसायचं तसं. समोरच्या ओट्यावर नऊ भिक्खू ओळीने बसले होते. सगळ्यात नवा तो सगळ्यात शेवटी, म्हणजे तोन नेमका तिच्या समोर. डोकं तुळतुळीत, भुवयाही काढलेल्या. आपलंच पोर तिला क्षणभर ओळखू आलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, की कंबरेत नस दबली आहे, सायटिका म्हणतात याला. जमिनीवर बसू नका. एका जागी वीस मिनिटांच्या वर बसू नका, उठून चार पावलं टाका. आणि तो बुटका पाट सोडा. त्याच पाटावर बसून ती वीस वर्षं कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकत होती. पाट काही सुटला नाही. पण त्यांनी शिकवलेला व्यायाम ती रोज करायची. दार लावून, पाठीवर पडून, एकेक गुडघा छातीशी ओढत. घर फळ्यांचं, म्हणून कण्हणंही गिळायची. आमच्या बाजारात कंबर गेली म्हटलं की बाई गेली असंच धरतात, आणि तिला ते नको होतं.

भिक्खूंचा सूत्रपाठ सुरू झाला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. कुल्ल्यातून एक सणक निघाली आणि मांडीमागून पोटरीत उतरली. मग पावलात मुंग्या. पाय दुसऱ्या बाजूला घ्यायचे तर बूड उचलावं लागणार. तिने जरा हालचाल केली.

"हलू नकोस," प्रानोम पुटपुटली. "फोटो काढतायत."

लमदुआनने दात आवळले. आजचा दिवस पोराचा, तेवढा निभू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढची कळ आली तेव्हा पाय तिला विचारायला थांबला नाही. सरळ पुढे गेला. ती कोपरावर कलंडली आणि तिचा तळवा थेट तोनच्या तोंडासमोर आला.

भर जेवणात कुणाच्या ताटावर शिंकलं तर लोक एकवेळ विसरतील. भिक्खूकडे केलेला पाय इथे कुणी विसरत नाही.

पाठ थांबला.

"अगं पाय! पाय आवर!" प्रानोम दबक्या आवाजात म्हणाली.

आवरत नव्हता. तिने दोन्ही हातांनी गुडघा ओढून पाहिला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळं गाव त्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत होतं. बोटांच्या बेचक्यात मोगऱ्याची एक सुकलेली पाकळी अडकली होती. सकाळी, चीवर घेण्याआधी, तोनने हेच पाऊल फुलांच्या पाण्याने धुतलं होतं. त्यावर कपाळ टेकून म्हणाला होता, आई, चुकलंमाकलं माफ कर. आता तेच पाऊल कुठे लपवावं ते तिला कळेना. धरणीने पोटात घेतलं असतं तर ती हसत गेली असती.

तोनचा हात पुढे आला. अर्ध्यावर थांबला. भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही, मग ती आई का असेना. त्याने हात परत मांडीवर ठेवला.

"माफ करा, भंते," लमदुआन म्हणाली. पोटच्या पोराला ती पहिल्यांदाच भंते म्हणाली.

थोरल्या भंतेंनी डोळे उघडले. "उपासिके, दुखतंय का?"

"नाही, जरा पाय..."

"दुखतंय का?"

"हो, भंते. वर्ष झालं."

मागे कुजबुज झाली.

"मग खुर्चीवर बसा की. आजाऱ्याने उंच बसलेलं आमच्या नियमात चालतं. फक्त आजारी आहोत हे कधीतरी सांगावं लागतं."

कुणीतरी खुदकन हसलं. प्रानोमने खुर्ची ओढून आणली, काखेत हात घालून तिला वर घेतलं.

"तुम्ही मघाशीच म्हणत होतात, वन्सं," लमदुआन खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं, टोमणा मारताय."

"मला काय स्वप्न पडलं होतं?" प्रानोम तिच्या कानाशी खेकसली. "परवा तोन आला होता. म्हणाला, आत्या, आईला रोज फळ्यांच्या फटीतून कळवळताना बघतो मी. विचारलं तर तिला लाज वाटेल. खुर्ची तू दे, माझं नाव नको घेऊस."

पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. खुर्चीवर तिचं डोकं खरंच त्याच्यापेक्षा वीतभर उंच झालं होतं. तिने पाय खुर्चीखाली घेतले आणि भीत भीत समोर पाहिलं.

मोगऱ्याची पाकळी चटईवर गळून पडली होती. तोनचे ओठ हलत होते, पण पाठ संपेपर्यंत त्याने त्या पाकळीवरून नजर काढली नाही.