सर्जेरावांचे वारस

वकिलांनी फायलीची दोरी सोडली, तशी सरूबाईने मान खिडकीकडे फिरवली. तिला हे बघायचंच नव्हतं. सख्ख्या भावाच्या जमिनीचे कागद परक्या माणसापुढे पसरायचे, याहून मोठी नामुष्की ती कोणती?

पण पोरगी ऐकेल तर शपथ! शेफालीला खराडीत आयटी कंपनीत लागून चार वर्षं झाली होती. विश्रांतवाडीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी आता पहिलंवहिलं स्वतःचं घर घेत होती. तेही खराडीतच, संभाजीमामाने बिल्डरला विकलेल्या जमिनीवर. मामाने शब्द टाकून चौथ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट तिच्यासाठी राखून ठेवला होता. उद्या करारावर सह्या व्हायच्या होत्या.

"मामाचं काय कागद बघायचं?" सरूबाई आठवडाभर कुरकुरत होती. "त्यो काय चोर हाय?"

"आई, कागदाला मामा नसतो," असं म्हणून शेफालीने विषय संपवला होता.

शेवटी तडजोड झाली. कागद दाखवायचे, पण जमीन मामाची होती हे वकिलांना सांगायचं नाही. नाहीतर बहीण भावाला तपासतेय, असा गावभर बोभाटा व्हायचा. सरूबाई मंडईतला भाजीचा गाळा बंद ठेवून सोबत आली होती, ती पोरीने जास्त बोलू नये म्हणून.

अनिरुद्ध वकील बोलण्यात काटकसरी होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख, असं समजून लोक घर घेतात आणि मग रडायला माझ्याकडे येतात. आपण आधी आलात. आश्चर्य आहे."

शेफाली हसली. सरूबाई हसली नाही.

"मूळ मालक सर्जेराव. शहाण्णव साली वारले. बायको त्याआधीच गेलेली. वारस एकच, मुलगा संभाजी. त्याने पुढे बिल्डरला जमीन विकली. सर्जेरावांना मुलगी नाही, असं त्याने तलाठ्याला प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंय."

"मुलगी नाही?" शेफालीचा आवाज चढला.

"नाही. शपथेवर."

सरूबाईने खिडकीवरची नजर काढली. वकील काय बोलले ते तिला नीट ऐकू आलं होतं. तरी तिला वाटलं, कागद दुसऱ्याच कुणाचा असेल. गावात सर्जेराव काय एकच होता? मग वकिलांच्या बोटाखालचा गट नंबर तिने वाचला. तो तिला तोंडपाठ होता. लहानपणी बापाबरोबर शेतसारा भरायला तीच जायची.

गावातल्या जमिनी एकामागून एक विकल्या गेल्या, तेव्हा भाऊ बहिणींना जीपमध्ये बसवून कचेरीत न्यायचे. बहिणी हक्कसोडीच्या कागदावर सही करायच्या. बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडायच्या, हॉटेलात जेवायच्या आणि नवी साडी घेऊन परतायच्या. वाटा मागणारीचं माहेर तुटतं, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. सरूबाईही वाट बघत बसली होती. जीप काही आली नाही. कायदा बदलला असेल, अशी तिने आपली आपणच समजूत घातली. संभाजी भाऊबीजेला मात्र न चुकता यायचा. तिच्या हातची बासुंदी दोन दोन वाट्या प्यायचा. ओवाळून घेताना डोळ्याला डोळा द्यायचा की! आणि त्याच तोंडाने शपथेवर सांगून आला होता, की आपल्याला बहीणच नाही. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि ती का वाटावी हेही तिला कळेना.

"मला एवढंच खटकतंय," वकील म्हणाले. "जमिनीला भाव आला की गावोगावच्या बहिणी कागदावरून नाहीशा होतात. सर्जेरावांना एखादी मुलगी असली आणि ती उद्या कोर्टात गेली, तर तुमचं घर अडकलं. नसेल, तर खुशाल घ्या. गावात कुणाला विचारता येईल?"

शेफालीने तोंड उघडलं. टेबलाखाली सरूबाईने तिचं मनगट घट्ट धरलं. पोरीने चार वर्षं पै पै साठवलेली तिने पाहिली होती. दिवाणखान्याला कोणता रंग द्यायचा, हेसुद्धा ठरलं होतं.

"मी खराडीचीच हाय, साहेब," ती म्हणाली. "सर्जेरावांना लेक नव्हती."

"उत्तम." वकिलांनी पेन उचललं.

"सर, एक मिनिट. लिहू नका." शेफालीने हात सोडवून घेतला. "सर्जेराव माझे आजोबा. ही त्यांची मुलगी."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या बाईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"उद्याची सही कॅन्सल," शेफाली म्हणाली. "मला नको ते घर." तिने कागद गोळा करायला घेतले.

वकिलांचा सूर बदलला होता. "ताई, लेकीच्या घरासाठी आपण खोटं बोललात, ते मी समजू शकतो. पण त्यात भावाचं पापही झाकलं गेलं असतं."

"खोटं कुठं बोलले, साहेब?" सरूबाई पदर सावरत उठली. "लेक असती, तर भाऊ एकदा तरी म्हणला असता, सरू, तेवढी सही दे. मी काय न्हाई म्हणणार हुते?"