काचेमागची बटणवाली

माणूस आत यायच्या आधीच पैज लावायची, असा काचेच्या खोलीतला नियम होता. माणूस बघून पैज लावली तर तो पक्षपात ठरतो, असं साहेबांचं मत होतं.

पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाला संगणक बंद करायचं बटण किती मिनिटांत सापडेल, ते चिठ्ठीवर लिहून कपात टाकायचं. जिंकेल त्याने शुक्रवारी दुपारीच घरी जायचं. पलीकडच्या माणसाला यातलं काही कळत नसे, कारण त्याच्या बाजूने ती काच नव्हती, आरसा होता.

आयकॉन काढणाऱ्या चित्रवाल्याने चार लिहिलं. साहेबांनी दोन लिहिलं, कारण ते साहेब होते. बटणवालीने लिहिलं, ‘सापडणार नाही’. वर्षानुवर्षं पडद्याच्या कोपऱ्यात असलेलं ते बटण उचलून तीन ठिपक्यांच्या आत, ‘विसावा’च्या पोटात, ‘निरोप’ या नावाने तिनेच ठेवलं होतं, आणि आपल्या कामावर तिचा पूर्ण विश्वास होता. सलग तीन शुक्रवार ती दुपारीच घरी गेली होती.

लोकांची मतं भिंतीवर डकवलेली होती. ‘बटण परत द्या.’ ‘बटण कुठाय?’ ‘आमचा संगणक गेल्या मंगळवारपासून चालू आहे, आम्ही पाळीपाळीने झोपतो.’ या शेवटच्या मताला सगळ्यांत गमतीचं म्हणून सोनेरी चांदणी मिळाली होती.

पलीकडचं दार उघडलं आणि बाबा आत आले.

बटणवालीचे बाबा. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, भांग वाकडा. सकाळी दारात उभं राहून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं होतं, “भांग सरळ आहे ना गं?” मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली होती, “हो हो, एकदम.” दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून निघाले होते. मत द्यायला साठीच्या पुढची माणसं हवीत, अशी जाहिरात साहेबांनी लायब्ररीत लावली होती, आणि बाबा लायब्ररीत भिंतीसुद्धा वाचत.

“आज आजोबा,” चित्रवाला म्हणाला. “मी नऊ लिहायला हवं होतं.”

आता बोलायला हवं होतं. हे माझे बाबा. मोजून तीन शब्द. बटणवालीने तोंड उघडलं आणि त्यात बिस्किट घातलं.

“काका, हा संगणक बंद करून दाखवा,” बाबांच्या शेजारी बसलेल्या चाचणी घेणाऱ्याचा आवाज स्पीकरमधून आला. “घाई नाही. परीक्षा तुमची नाही, संगणकाची आहे.”

“त्याची कशाला घेता, तो हुशार आहे,” बाबा म्हणाले. “माझी मुलगी असल्याच कामात आहे. कुठे ते मी नाही सांगणार. मी आलेलं तिला आवडायचं नाही.”

काचेमागे हशा पिकला. “बिचारी,” साहेब म्हणाले. बटणवालीही हसली. सगळ्यांत शेवटी, आणि जरा जास्तच.

बाबांनी चंद्राचं चित्र दाबलं. पडदा काळा झाला. “झाला बंद.”

“नाही काका, हा रात्रीचा रंग.”

“दुपार आहे की.” बाबांनी घड्याळ बघून खात्री केली. मग कोपऱ्यात, बटण पूर्वी जिथे असायचं तिथे, त्यांनी बेधडक दाबलं. तिथे आता हवामान होतं. बाहेर ढग आहेत असं कळलं. बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा तिथेच दाबलं. ढग होतेच.

“माझंच काहीतरी चुकतंय,” ते म्हणाले. चाचणी घेणाऱ्याला नाही, संगणकाला. “सॉरी हं.”

अकराव्या मिनिटाला त्यांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा खिशात ठेवला, गुडघे टेकले आणि ते टेबलाखाली गेले. बुटांचे तळ तेवढे बाहेर राहिले. खालून खट्ट असा आवाज झाला आणि संगणक विझला.

चित्रवाल्याने तोंडावर रुमाल दाबून धरला. साहेबांनी डोळे पुसले. “याला दोन चांदण्या,” ते म्हणाले.

बाबा केसांत धूळ घेऊन वर आले. हातात प्लग होता. तो त्यांनी टेबलावर नीट, सरळ ठेवला.

“नव्या बटणाला पाचपैकी किती द्याल?” चाचणी घेणाऱ्याने विचारलं.

“पाच.”

“पण सापडलं नाही ना तुम्हाला?”

“म्हणजे चांगलंच असणार. चांगली वस्तू कोण उघड्यावर ठेवतं?” बाबांनी प्लग आणखी जरा सरळ केला. “आणि हे ज्याने कुणी केलं असेल त्याला ओरडू नका. पोरं घरी येऊन जेवत नाहीत मग.”

काचेमागे साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. “परत तूच. दर शुक्रवारी एवढ्या लवकर पळतेस, घरी कोण वाट बघतं गं तुझी?”

“कुणी नाही,” बटणवाली म्हणाली.

बाबा उठले आणि आरशासमोर आले. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यांनी कंगवा काढला, जिभेचं टोक दातांत धरलं आणि धूळ झटकत झटकत नवा भांग पाडला.

“सरळ आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हो हो, एकदम,” चाचणी घेणारा म्हणाला. तो कागद भरत होता.

बटणवाली बघत होती. भांग वाकडाच होता.