ओलीस एडका

"ठरावाला कुणाचं अनुमोदन?" अध्यक्ष बर्टने दुसऱ्यांदा विचारलं.

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली सगळं गाव बसलं होतं आणि एकाचाही हात वर नव्हता. मार्चमधली वार्षिक गावसभा. सकाळपासून रस्त्यांचा चिखल झाला, बर्फ काढायचा नवा ट्रक झाला, मोकाट कुत्री झाली. मागच्या टेबलावर बीन्सची पातेली झाकून ठेवली होती, त्यांचा वास आता पहिल्या रांगेपर्यंत आला होता. अशा वेळी जगाची चिंता कोण करणार?

आर्डिथ कोलबर्न करत होती. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई दर वर्षीच करायची. अमेरिकेत, व्हर्मॉंटच्या डोंगरातल्या आपल्या गावाने जगाला चार शब्द सुनावलेच पाहिजेत, असं तिचं ठाम मत होतं. लोक हसायचे, पण रात्रीच्या बातम्यांत पडलेली घरं पाहिली की तिच्या घशाखाली सूप उतरत नसे, हेही खरंच होतं. यंदाचा ठराव छोटा होता. जगात ज्यांनी दुसऱ्याची जमीन बळकावली आहे त्यांनी मागे हटावं, आणि ज्यांनी ओलीस धरले आहेत त्यांनी ते बिनशर्त सोडावेत.

अनुमोदन द्यायचं काम दर वर्षी शेजारच्या मेरिल थेयरचं. पण ऑक्टोबरात मेरिलने आपलं कुंपण तिच्या बाजूला सरकवून हद्दीवरचं सफरचंदाचं झाड आत घेतलं. त्याच आठवड्यात त्याचा एडका तिच्या कोबीत शिरला, तो तिने आपल्या गोठ्यात बांधून घातला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"अनुमोदन नसेल तर ठराव बारगळला," बर्ट म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष पातेल्यांकडे होतं. आर्डिथ मात्र उभीच होती.

"माझं अनुमोदन," मेरिल मागून म्हणाला. "पण एक दुरुस्ती. 'जगात' च्या पुढे 'आणि या गावात' असं घाला. एडकेसुद्धा धरून."

सभा खदखदून हसली. बर्टने हातोडा आपटला आणि नियमाची आठवण करून दिली. बोलायचं ते अध्यक्षांशी, एकमेकांशी नाही. हा नियम दोघांच्याही पथ्यावरच पडला.

"अध्यक्ष महाराज," आर्डिथ म्हणाली, "ठरावातली पहिली ओळ मेरिल थेयर यांना ऐकू आली का, ते विचारा. जमीन बळकावण्याची."

"अध्यक्ष महाराज, ती जमीन माझ्या आजोबांपासून..."

"सगळे हेच म्हणतात, अध्यक्ष महाराज. टीव्हीवर रोज रात्री हेच चाललेलं असतं."

मेरिलने एडक्याकडे मोर्चा वळवला. "मग बाईंना सांगा, अध्यक्ष महाराज, अख्खा नोव्हेंबर नवरा यांच्या कैदेत आणि मेंढ्या माझ्याकडे. आता कोकरं काय आभाळातून पडणार?"

"आधी कुंपण!"

"आधी एडका!"

"अध्यक्ष महाराज म्हणा," बर्ट म्हणाला.

"आधी कुंपण, अध्यक्ष महाराज!"

"अरे, मताला टाका ना!" पातेल्यांजवळून कुणीतरी ओरडलं. "बीन्स गार झाले!"

बर्ट एरवी ट्रक दुरुस्त करायचा. त्याला भुकेपुढे इतिहास सुचत नव्हता. "दोन्ही एकदम," तो म्हणाला. "आज दुपारीच. दुरुस्तीसकट ठराव कुणाला मान्य?"

भराभर हात वर झाले. आर्डिथचा हात उठायला वेळ लागला. जगाला इतक्या वर्षांत जे सहज सांगितलं, ते स्वतःला सांगताना जड जात होतं आणि तिला त्याची लाज वाटली. तिचा हात वर गेलेला पाहून मग मेरिलचाही गेला. ठराव एकमताने मंजूर झाला, त्याची प्रत संयुक्त राष्ट्रांना पाठवायचं ठरलं, आणि सगळं गाव बीन्सवर तुटून पडलं.

दुपारी मेरिलने कुंपणाची तार सोडवून गुंडाळली. खांब मात्र गोठलेल्या जमिनीत रुतून बसले होते, एप्रिलपर्यंत ते काही निघणार नव्हते. आर्डिथने ते खिडकीतून पाहिलं, जराशी घुटमळली, आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून जाऊन गोठ्याचं दार उघडलं.

एडका बाहेर येईना. मेरिलने त्याला हाका मारल्या, शिंगं धरून ओढलं, मागून ढकललं. खाऊन खाऊन पिंप झालेला तो प्राणी पेंढ्यात बसकण मारून रवंथ करत राहिला.

"याला खायला घालतेस तरी काय?" मेरिल धापा टाकत म्हणाला.

आर्डिथने सकाळच्या सवयीने इकडेतिकडे पाहिलं. अध्यक्ष कुठे नव्हते.

"सफरचंदं," ती सरळ त्यालाच म्हणाली. "तळघरात पेट्या भरून ठेवली आहेत."

"त्या झाडाची?"

"त्याच. अर्ध्या फांद्या माझ्याकडे येतात. त्यांना कुठे कळतंय तुझं कुंपण?"

मेरिल एडक्याच्या शेजारी बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"मग मलाही दे एक," तो म्हणाला.