जर्मनचा डोंगा

"जर्मनचं काम सोडलं मी, काका," देवमन म्हणाला. "लोखंडाचं काही असंन तं सांगा."

तोवर ट्रॅक्टरवाल्याने होडी ट्रॉलीवरून खाली उतरवलीही होती. कामरगावच्या रस्त्याला लागून असलेल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ती ॲल्युमिनियमची, तिथल्या बोलीत जर्मनची, होडी पालथी पडली. पंधरा फूट लांब, हिरव्या रंगाची. शेतीची अवजारं अन् खिडक्यांच्या जाळ्या यांच्या मधोमध ती भलतीच उपरी दिसत होती.

होडी आणणारे नवरा-बायको साठीच्या पुढचे. म्हाताऱ्याने आपलं नाव जगदेव सांगितलं, बायकोचं चतुराबाई. लांबून आलो, एवढंच म्हणाले.

"बुडाले चीर गेली हाय," जगदेव म्हणाला. "पाणी घेते."

"कारंज्याले न्या. तिथं माह्यापेक्षा चांगले कारागीर हायेत."

"नाई बाप्पा. तुह्याच हातचं पायजे."

"काहून?"

जगदेवने बायकोकडे पाहिलं. चतुराबाईने दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला लागणारी आर्गन वायूची टाकी तिथे पोत्याखाली उभी होती.

"सोडलं म्हणतं, अन् टाकी तं अजून ठेवली हाय."

देवमनला हसू आलं. दोन वर्षांत त्याने त्या टाकीला हात लावला नव्हता, पण ती विकायचंही जमलं नव्हतं. त्याने पोतं बाजूला केलं, चावी फिरवली. काटा जरासा हलला.

"होईन एवढ्यात," तो स्वतःशीच पुटपुटला.

दुपारी त्याने रंग खरवडायला घेतला. चतुराबाई पदराने वारा घेत जवळच बसली होती. हिरव्याखाली निळा निघाला. मधल्या पट्टीजवळची चीर वीतभर लांब होती, अन् जुन्या वेल्डिंगच्या कडेकडेनेच गेली होती. त्याने तारेच्या ब्रशने ते वेल्डिंग घासलं. टाक्याचं शेवटचं टोक जरा डावीकडे वळलेलं होतं. काम संपताना मनगट तसं वळवायची सवय देवमनची.

ब्रश त्याच्या हातातून पडला.

"काय झालं बापा?" चतुराबाईने विचारलं. तिने तांब्या पुढे केला. तो त्याने घेतला नाही.

"माय, हा डोंगा पाण्यात टाकू नका. मोडीत घाला." तो खालीच बसला. "हा टाका माह्याच हातचा हाय. मालेगावले दुकान व्हतं माहं. एका ठेकेदाराचा हा डोंगा. त्यानं घाई केली. मी चिरेच्या टोकाले भोक पाडलं नाई, आतून घासलं नाई, वरच्या वर टाका मारून देल्ला. आठ दिवसांत धरणावर ती चीर उकलली. एक जण गेला."

जगदेव रस्त्याकडे पाहत उभा होता. त्याने मान वळवली नाही.

"मंग?" त्याने विचारलं.

"मंग दुकान बंद केलं. सासुरवाडीले, इथं आलो. जो गेला त्याच्या घरी जावं म्हणून दोनदा मोटरसायकल काढली. किन्हीराजाच्या फाट्यापासूनच वापस आलो. काय तोंड दाखवू?"

एक एसटी धूळ उडवत गेली. चतुराबाईने तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं.

"नीट करतात तं कसं करतात?" तिने विचारलं.

"काय?"

"चीर. नीट करतात तं कसं करतात? दाखव मले."

देवमनने तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. तो उठला. ड्रिल मशीन आणून त्याने चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली.

"यानं चीर पुढं पळत नाई," तो म्हणाला.

मग सगळी चीर खोल घासून काढली. आतलं चकचकीत पांढरं दिसेपर्यंत घासली. चतुराबाई वाकून पाहत होती. प्रत्येक वेळी तो सांगायचा, ती "हं" म्हणायची. त्याने टाकी उघडून टाका मारायला घेतला तेव्हा जगदेव येऊन त्याच्या मागे उभा राहिला अन् त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काम संपेपर्यंत तो हात तिथेच होता.

त्या दिवशी दोघं देवमनच्याच घरी मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाहेरून खडूची भुकटी फासली, आतून डिझेल लावलं. चीर राहिली असेल तर खडूवर डाग उमटतो. तासभर तिघंही टक लावून बसले. डाग उमटला नाही.

होडी गावाखालच्या तलावावर नेली.

"अगोदर मी एकटा जातो," देवमन म्हणाला.

त्याचं बोलणं संपायच्या आत चतुराबाई लुगडं खोचून होडीत चढली होती.

"माय, पोवता येते काय तुमाले?"

"नाई येत. चाल."

"उतरा ना, माय. मले भेव वाटून राह्यलं."

"म्हणूनच तं बसली मी. चाल."

गुडघाभर पाण्यात उभं राहून जगदेवने दोन्ही हातांनी होडी लोटली. देवमनने वल्हं मारलं. काठ मागे गेला, तिथे उभा जगदेव लहान दिसू लागला. मधोमध आल्यावर देवमन थांबला. चतुराबाईने वाकून बुडावरून, त्या टाक्यावरून, सावकाश तळहात फिरवला. मग तो हात त्याच्यासमोर धरला.

"कोरडा हाय," ती म्हणाली.

देवमनने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं अन् चेहरा दुसरीकडे वळवला.

तिने तोच कोरडा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"दोन वर्स वाट पाह्यली तुही," ती म्हणाली. "तू नाई आला, मंग ठेकेदाराजवळून डोंगा मांगून आमीच आलो. धरणावर जो गेला, हरीओम म्हणत व्हते त्याले. मी त्याची माय."