चार चाकांची फटफटी

नऊ वाजून गेले तरी गाडी हूं की चूं करेना.

पीरमहंमदनं डाव्या मुठीतला ब्रेक दाबून धरला आणि उजव्या हातानं चावी फिरवली. काही नाही. परत ब्रेक, परत चावी. दिवा लागत होता, हॉर्न वाजत होता, इंजिन मात्र ढिम्म.

"मुडदा बशिवला तुजा!" तो सीटवर बसल्या बसल्या गाडीवर खेकसला.

चार जाड टायरांची ही एटीव्ही पाचगणीच्या एका रिसॉर्टवर पर्यटकांना माळावर फिरवून फिरवून थकलेली. आष्ट्यात तिला सगळे 'चार चाकांची फटफटी' म्हणत आणि वर हसत. पंधरा दिवसांपूर्वी पीरमहंमदनं ती टेम्पोत घालून आणली तेव्हाही बंदच होती. "आवं, भंगार इकत घेत्यात व्हय?" असं त्याची बायको जरिना म्हणाली होती. पण गडी हट्टाला पेटला होता, आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे शाहरुख, त्याचा मुलगा. सांगलीत विश्रामबागेत ऑफिसात कामाला. महिन्यामागं त्यानं सरळच विषय काढला. "अब्बा, आता बास. सदुसष्ट वय झालं. गॅरेजचा गाळा मोबाइलवाल्याला देऊ, आणि तुमी दोघं सांगलीला चला."

चाळीस वर्षं गावातले पंप आणि फटफट्या जित्या करणाऱ्या माणसाला हे लय झोंबलं. दोन दिवस तो जेवला नाही. शेवटी बापलेकात पैज ठरली. ही बंद गाडी अब्बांनी एकट्यानं सुरू करून दाखवली, तर शाहरुखनं गॅरेजचा विषय जन्मात काढायचा नाही. नाही झाली, तर गॅरेजला कुलूप. मुदत आजची, सकाळी दहाची.

आणि गाडी सुरू झाली होती हो! काल संध्याकाळी, चांगली दोनदा. पंधरा दिवसांत त्यानं कार्ब्युरेटर धुतला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. ब्रेक दाबल्याशिवाय ही गाडी चावीला दाद देत नाही, म्हणून ब्रेकचा स्विचही नवा बसवला. काल तिनं आवाज दिला तेव्हा पीरमहंमदच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री तो सुखानं झोपला. आणि आज सकाळी ही बया मुकी.

"अगं, चहा देणार हायस का न्हाई?" त्यानं घराकडं तोंड करून विचारलं.

"परत तंबाखू धरली व्हय?" जरिना आतनं ओरडली. "तोंडात गोळा धरून बोलू नगा, मला कळंना. आन् चहा मागत असशिला, तर मगाच ठिवलाय. डोळं उघडून बघा जरा."

पीरमहंमद भडकला. दोन वर्षांत तंबाखूला त्यानं बोट लावलं नव्हतं! पण बायकोशी भांडायला वेळ कुठं होता? त्यानं मान वळवून बघितलं. खरंच, डाव्या अंगाच्या स्टुलावर कपबशी होती आणि चहावर साय धरली होती. ती कधी येऊन ठेवून गेली, याला पत्ताच नाही. काळजीनं माणूस आंधळा होतो, दुसरं काय. एक घोट घेतला तर निम्मा चहा शर्टावर सांडला. कपाच्या काठाचा टवका उडालेला होता. त्यानं कपालाही एक शिवी हासडली.

फ्यूज बघितला, शाबूत होता. बॅटरी चार्ज केलेली. ब्रेकच्या स्विचवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. नवाकोरा, त्यानं स्वतः बसवलेला. मग दुखणं आहे तरी कुठं? पाना दोनदा खाली पडला. त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. सांगलीत पोराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या बघत दिवस काढायचे, हे त्याला मरणापेक्षा वाईट वाटत होतं.

त्यानं गाडी विकणाऱ्या अजमलला पाचगणीला फोन लावला.

"अजमल, आरं काल चालू हुती. आज चावीच घेत न्हाई बघ."

"हॅलो? चाचा का? काय बोलताय? कायबी कळंना. रेंजमधी येऊन बोला की."

पीरमहंमदनं तीनदा सांगितलं, ओरडून सांगितलं. पलीकडनं नुसतं हॅलो, हॅलो. डोंगराच्या डोक्यावर राहतात आणि यांना रेंज नाही! त्यानं वैतागून फोन बंद केला.

दहाला दहा कमी असताना शाहरुखची मोटारसायकल दारात थांबली.

"झाली का सुरू?"

पीरमहंमदनं नुसती नाही म्हणून मान हलवली. पोराकडं बघायचं धाडस होईना. शाहरुखलाही वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठं दिसला नाही. तो गाडीजवळ आला, बापाच्या शेजारी वाकला, एका हातानं ब्रेक आवळला आणि दुसऱ्यानं चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"आयला!" शाहरुख हसला. "अब्बा, हिला काय धाड भरल्याली न्हाई. फस्क्लास चालतीया की!"

पीरमहंमदच्या अंगावर काटा आला. गाडीत काही खोट नव्हती! पण दुसऱ्याच क्षणी त्याचं तोंड उतरलं. पैज एकट्यानं सुरू करायची होती, आणि सुरू केली पोरानं.

शाहरुखनं ते ओळखलं. त्यानं गाडी बंद केली. "मी लावली ती धरायची न्हाई. आता तुमी लावा. लागली की गॅरेज तुमचं, मी परत नाव काढणार न्हाई. अम्मीची शपथ."

केवढं मन पोराचं! पीरमहंमद सावरून बसला. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं, ब्रेक दाबला, चावी फिरवली.

काही नाही.

"ब्रेक दाबा, अब्बा."

"दाबलाय की."

"अब्बा, ब्रेक."

"आरं दाबलाय! मूठ आवळून धरलाय, दिसत न्हाई व्हय तुला?" पीरमहंमद चिडून ओरडला.

 शाहरुख बापाच्या तोंडाच्या ओघळलेल्या डाव्या कडेकडं बघत राहिला, मग त्यानं खाली बघितलं आणि त्याचा रंगच उडाला.

"अब्बा," तो म्हणाला, "तुमचा डावा हात मांडीवर हाय."