वास कसला होता?

"वास कसला होता?" प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्याला विचारलं.

इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या पत्र्याखाली, चिमणीला स्ट्रेचरवर झोपवलं होतं. चिमणी हे त्याने घरी बायकोशी बोलताना ठेवलेलं नाव. शेजारच्या टेबलावर काम करणारी पीएच.डी.ची पोरगी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. आता त्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. काखेत हात घालून तिला दारापर्यंत ओढत आणलं होतं ते त्यानेच. त्याचंही डोकं ठणकत होतं, आणि हे नुसत्या भीतीने की आणखी कशाने, ते त्याला कळत नव्हतं.

"सर, पटकन सांगा." हा अधिकारी एरवी सुरक्षेचा चष्मा न घालता आत शिरलेल्या भल्याभल्यांना फैलावर घ्यायचा. चिमणीसारखंच घरी ठेवलेलं त्याचं नाव फौजदार. आज त्याचा आवाज चक्क मऊ होता, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. "तिची आज दोन कामं चालू होती. एक सिलिंडरमधल्या कार्बन मोनॉक्साइडचं. त्याला वास नसतो. दुसरं सायनाइडचं. त्याचा वायू सुटला तर कडू बदामासारखा वास येतो. वायू मोजायचं मीटर घेऊन माणसं निघालीत, पण तोवर थांबता येणार नाही. खोलीत तुम्ही दोघंच होतात. वास होता का?"

त्याला वास येत नव्हता. आजच नव्हे, हिवाळ्यात ताप येऊन गेल्यापासून कसलाच येत नव्हता. घरी दूध करपून कोळसा झालं तरी हा बाजूलाच पेपर वाचत बसलेला. बायको आधी हसली, मग घाबरली. "तिथे सांगून टाका हो," म्हणायची, "जिवाशी खेळ नको." पण सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेबल गेलं असतं. पाहुणा शास्त्रज्ञ तो. टेबल नाही तर नेमणूक नाही, नेमणूक नाही तर व्हिसा नाही, आणि पोरगा आत्ता कुठे इथल्या शाळेत रडायचा थांबला होता. म्हणून त्याने युक्ती काढली. तो लोकांची नाकं बघायचा. कोणी नाक मुरडलं की हाही मुरडायचा, कोणी खिडकीकडे निघालं की हा आधी उठायचा. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस, पण ही लबाडी त्याला सराईतासारखी जमली होती.

पत्र्याखाली जमलेल्या सगळ्यांनी मास्क लावले होते. एकाचंही नाक दिसत नव्हतं.

"मला... मला काही वास आला नाही," तो म्हणाला.

यात खोटं काय होतं? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो याबाबतीत खरं बोलला होता. त्याला क्षणभर हायसंसुद्धा वाटलं.

फौजदार अँब्युलन्सबरोबर आलेल्या डॉक्टरबाईंकडे वळला. "वास नव्हता. म्हणजे सिलिंडरच."

"नक्की ना?" बाईंच्या हातात भरलेली सुई होती. "सायनाइडवरचा उतारा काढून ठेवलाय मी. पण सिलिंडरच्या वायूवर हा टोचला तर पोरगी हातची जाईल. आणि सायनाइड असून नाही टोचला, तरी जाईल."

"नक्की. हे शेजारीच उभे होते."

बाईंनी सुई पेटीत परत ठेवली.

गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. वास आला नाही म्हणून सांगितलं, संपलं. मीटरवाले येतील, कागद होतील, उद्या तो पुन्हा आपल्या टेबलाशी उभा राहील. स्ट्रेचरवरून घरघर ऐकू आली. एवढी बडबडी पोर, आणि तिच्या घशातून आता एवढाच आवाज निघत होता. त्याला इतकी भीती जन्मात कधी वाटली नव्हती.

"थांबा!" तो ओरडला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "माझं नाक चालत नाही. मला कसलाच वास येत नाही. कितीतरी महिने झाले."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" फौजदार म्हणाला.

"पण तिचं चालतं. पडायच्या आधी तिने नाक मुरडलं. मी बघितलं ना! माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हालाही कसला वास येतोय का?"

डॉक्टरबाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. पेटी उघडली, चिमणीची बाही वर सारली, सुई टोचली. मग स्ट्रेचर उचललं, गाडीत सरकवलं, दारं आपटली. पोरगी वाचेल की नाही, हे विचारायचीही त्याची छाती झाली नाही. गाडी फाटकाबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत सगळे त्याच दिशेला बघत राहिले. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

मग फौजदाराने मास्क काढला. जवळ आला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "एक राहिलं, सर. तिने विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"



"मी... वास घेतल्यासारखं केलं," तो म्हणाला. "जोरात. आणि म्हणालो, छे गं, काही नाही. चालू दे तुझं."